आप्पांचं वर्णन

दयानंद सरांचे वडील हरवले ते नांदेडच्या बस स्टँडवर, भर दुपारी, शेकडो माणसांच्या देखत. सर पाण्याची बाटली आणायला गेले आणि परत आले तेव्हा बाकावर नुसती पिशवी होती. पिशवीत डॉक्टरांची फाईल, गोळ्या आणि आप्पांचा टॉवेल.

आधी सरांना राग आला. हे त्यांचं नेहमीचंच, काळजी वाटायच्या आधी त्यांना राग येतो. "बसा म्हटलं तर बसवत नाही एका जागी," असं पुटपुटत त्यांनी मुतारी पाहिली, रसवंती पाहिली, लातूरची गाडी लागते तो फलाट पाहिला. मग देगलूर, उदगीर, माहूर अशा दिसेल त्या गाडीत चढून पाहिलं. प्रत्येक गाडीत पांढऱ्या टोपीचे चार-पाच म्हातारे होते आणि प्रत्येक टोपीखाली भलताच चेहरा होता. बघता बघता राग कुठल्या कुठे गेला आणि सर स्टँडवरच्या पोलीस चौकीकडे धावले.

आप्पा म्हणजे ग्यानोबा, किल्लारीचे शेतकरी, सत्तरीच्या पुढचे. दोन वर्षांपासून त्यांच्या डोक्यातलं एकेक निसटत चाललं होतं. आधी नावं गेली, मग वार गेले, आणि गेल्या दिवाळीत त्यांनी सख्ख्या नातीला, ऋतुजाला, "तू कुनाची गं बाई?" म्हणून विचारलं. गावात ते शेताकडे म्हणून निघायचे आणि भलतीकडेच सापडायचे. म्हणून सरांनी त्यांना लातूरला स्वतःच्या फ्लॅटवर आणून ठेवलं होतं. माय, म्हणजे केवळाबाई, गुरांपायी गावातच राहिली होती. नांदेडला मेहुण्याच्या ओळखीचा मेंदूचा डॉक्टर होता, त्याला दाखवून बापलेक आज परत निघाले होते. डॉक्टर म्हणाला, वयाचा भाग आहे, जपा त्यांना. सरांनी मान हलवली होती.

स्टँडकडे येताना वाटेत रिक्षा अडली होती. रस्ता रुंद करायला दुकानांची ओळच्या ओळ पाडलेली, विटामातीचे ढीग पडलेले. आप्पा रिक्षातून अर्धे बाहेर वाकून बघत राहिले.

"कुनाचं घर पडलं रे?"

"घर नाही आप्पा, दुकानं पाडलीत. डोकं आत घ्या," सर म्हणाले. ते तेव्हा मोबाईलवर गाडीची वेळ बघत होते.

चौकीत एक हवालदारबाई होत्या. त्यांनी सरांना बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. "वर्णन सांगा, सर."

"मध्यम उंची. सावळे. धोतर, पांढरा सदरा, टोपी."

बाईंनी खिडकीतून बाहेर फलाटाकडे बघितलं. "असे हितं सकाळपासून किती येऊन गेले असतील. फोटो हाय का?"

फोटो होता. भाचीच्या लग्नातला, डोक्यावर फेटा आणि अर्धे आप्पा कुणाच्या तरी खांद्यामागे. सरांनी बोट सरकवत सरकवत अख्खा मोबाईल धुंडाळला. त्यात सरांचे सत्कार होते, शाली होत्या, ऋतुजाचे वाढदिवस होते. आप्पांचा एकट्याचा, नीट समोरून काढलेला एकही फोटो नव्हता. लातूरला विशाखाला, म्हणजे बायकोला, फोन लावला तर तिच्याकडेही तोच फेटेवाला.

"मग ओळखायचं कसं?" बाईंनी विचारलं. "काही खूण?"

"स्वभावानं शांत आहेत," सर म्हणाले. "मितभाषी."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "सर, स्वभाव लांबून दिसत न्हाई. ते करतात काय, ते सांगा. गाडीत चढून बसतील? देवळात जातील? कुनाला काही मागतील? हरवलेल्या मानसाच्या मागं जायचं म्हनजे त्याच्या सवयीच्या मागं जावं लागतं."

बाप काय करतो, हे त्यांना सांगता येईना. बाई म्हणाल्या, आम्ही बघतो, तुम्हीबी बघा, आणि त्या फोनाफोनीला लागल्या.

बाहेर येऊन सरांनी कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मजकूर टाकला. इतक्या वर्षांची मराठीच्या मास्तराची भाषा हाताला लागलेली, ती अशा वेळीही सुटली नाही. 'माझे वडील श्री. ग्यानोबा, किल्लारी, स्वभावाने शांत, मनमिळाऊ, मितभाषी व कष्टाळू. आज दुपारी नांदेड बसस्थानकावरून बेपत्ता. कृपया पुढे पाठवा.' खाली फेट्यातला फोटो. मजकूर धडाधड पुढे गेला. लगेच उत्तरंही आली. पहिल्या विद्यार्थ्याने हात जोडले. दुसऱ्याने लिहिलं, 'भावपूर्ण श्रद्धांजली.' तिसऱ्याने, 'सर, दुःखात सहभागी आहोत.' बिचाऱ्यांची तरी काय चूक? मनमिळाऊ, मितभाषी, कष्टाळू हे शब्द आपल्याकडे मेलेल्या माणसासाठीच राखून ठेवलेले आहेत. पोरांनी पुढचं वाचलंच नाही. सर फलाटाच्या कडेला उभे राहून एकेकाला 'ते जिवंत आहेत' असं लिहीत राहिले, आणि लिहिता लिहिता त्यांना भरून आलं, कारण ते खरं आहे की नाही हे त्यांनाही माहीत नव्हतं.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच. दयानंद सर लातूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवतात आणि कथेतलं पात्र कसं उभं राहतं, हा त्यांचा हातखंडा धडा आहे. "पोरांनो, कथेतला माणूस आपल्याला दोन वाटांनी कळतो," ते सांगतात. "एक, लेखक स्वतःच सांगून मोकळा होतो. अमका प्रेमळ होता, तमका कंजूष होता. दुसरी वाट म्हणजे लेखक गप्प बसतो. माणूस काय करतो, काय बोलतो, काय बोलायचं टाळतो, त्याला बघून दुसरे कसे वागतात, तेवढंच दाखवतो. माणूस कसा आहे ते वाचकानं ओळखायचं. पहिली वाट सोपी. दुसरी खरी." मग ते फळ्यावर 'दुसरी' या शब्दाखाली जाड रेघ मारतात आणि पोरं ती रेघसुद्धा उतरवून घेतात.

सर स्वतः कथाही लिहितात. एका दिवाळी अंकात त्यांची आप्पांवरची कथा आली होती, तिला बक्षीसही मिळालं होतं. पहिलंच वाक्य होतं, 'माझा बाप हट्टी होता.' किल्लारीच्या अंगणात ऋतुजाने ती आजोबांना वाचून दाखवली. तेव्हा आप्पांचं डोकं शाबूत होतं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, तंबाखू मळली आणि सरांना म्हणाले, "हट्टी हाय म्हनून लिवलंस. काय करत व्हता म्हनून हट्टी, त्ये न्हाई आलं त्यात." सर हसले होते. आमचा बाप समीक्षक निघाला, असं त्यांनी पुढे चार ठिकाणी कौतुकाने सांगितलंही होतं. आता ते वाक्य आठवलं आणि सरांना स्वतःची लाज वाटली.

दुपारभर सर वणवण फिरले. म्हातारा माणूस, डोक्यावर ऊन, सावलीलाच जाणार, असा त्यांनी हिशेब केला. गुरुद्वाऱ्यात लंगरच्या पंगती पाहिल्या, सरकारी दवाखान्यातल्या खाटा पाहिल्या, रेल्वे स्टेशन पाहिलं, देवळांचे मंडप पाहिले. दवाखान्यात एका पांघरूण ओढलेल्या माणसापाशी ते थांबले. नर्सने पांघरूण बाजूला केलं, तो दुसराच कुणी होता, आणि सरांना इतकं हायसं वाटलं की त्या माणसाचीच त्यांना माफी मागावीशी वाटली. उन्हं कलली तेव्हा ते नदीच्या घाटावर उभे होते. पाण्याकडे बघायचा धीर होईना. तेव्हा कुठे त्यांनी मायला फोन लावला. इतका वेळ तोच टाळत होते.

केवळाबाई रडली नाही. तिने आधी विचारलं, "कुटं कुटं बघितलंस?"

सरांनी सगळी ठिकाणं सांगितली.

"समदी छपराखालचीच ठिकानं बघायलास व्हय रे? भूकंप झाल्यापसून त्यो मानूस स्लॅबखाली निजलाय का कधी? तुला ठाव न्हाई?"

ठाऊक होतं. न ठाऊक असायला काय झालं? सगळं आयुष्य डोळ्यांसमोरच तर होतं. पुनर्वसनात नवं पक्कं घर मिळालं, पण आप्पा त्यात कधी झोपले नाहीत. थंडीत अंगणात, पावसात गोठ्याच्या पत्र्याखाली. पत्रा पडला तर मानूस मरत न्हाई, म्हणायचे. पाहुण्यांकडे गेले तरी भिंतीला टेकून बसायचे नाहीत. सरांनी या सगळ्याला एक शब्द लावून टाकला होता, हट्टी, आणि मग पुढे बघायचंच सोडून दिलं होतं.

"लातूरला कुटं निजवायलास त्येला?" मायने विचारलं.

लातूरला तिसऱ्या मजल्यावर, मधल्या खोलीत. आप्पा रात्री उठून जिन्यात जाऊन बसायचे म्हणून सर बाहेरून कडी घालायचे. आप्पा आतून दार वाजवायचे. विशाखा म्हणाली होती, मला ऐकवत नाही हो ते. सर म्हणाले होते, हट्टी आहेत, सवय होईल.

"कडी घालत होतो, माय," सर म्हणाले.

मग केवळाबाई हळू म्हणाली, "वाटंत कुटं पडकं घर व्हतं का? दगडामातीचा ढीग? आपल्या शेजारचं जुनं घर पाडलं तवा दिसभर तितं इटा उचलत बसला व्हता. हात सोलून निघाले. म्या किती ओढलं, उठंना."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगून काय केलं असतंस, दया? येडा म्हनला असतास."

सरांनी रिक्षा थांबवली आणि दुकानं पाडलेल्या त्या रस्त्याचं नाव सांगितलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. ती जागा स्टँडपासून हाकेच्या अंतरावर होती आणि सर गोदावरीपर्यंत जाऊन आले होते.

आप्पा तिथेच होते. धोतराचा काचा मारलेला, टोपी कुठेतरी पडलेली, डोक्यापासून पायापर्यंत धूळ. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटलं असणार, कामावरचा मजूर आहे. सरांनी लांबूनच हवालदारबाईंना आणि मायला कळवलं. "सापडले," एवढंच दोघींना म्हणाले. मग ते जवळ गेले.

आप्पा वाकून एकेक वीट उचलत होते, पण फेकत नव्हते. प्रत्येक वीट दोन्ही हातांनी धरून बाजूला नेऊन ठेवत होते. दुपारपासून ठेवलेल्या विटांची लांबच लांब ओळ लागली होती. बोटं रक्ताळली होती. आणि ते ढिगाशी तोंड नेऊन हळू आवाजात बोलत होते. आयुष्यात त्यांना इतकं सलग बोलताना सरांनी ऐकलं नव्हतं.

"दया, ए दया. बोल की रे. रडू नको, माती तोंडात जाईल. श्वास घे हळूहळू. आलो म्या. आलोच बघ."

सर जागच्या जागी थांबले. भूकंप झाला तेव्हा ते सात वर्षांचे होते. माय माहेरी गेलेली, आप्पा शेतावर राखणीला, आणि ते आजीच्या कुशीत. पहाटे घर खाली आलं. आजी गेली. काळोख, तोंडातली माती, आणि वरून कुणीतरी सतत बोलत होतं, ऊन वर येईपर्यंत बोलत होतं, एवढंच त्यांना आठवत होतं. आवाज कुणाचा, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. बक्षीस मिळालेल्या कथेत त्यांनी हे सगळं एका वाक्यात उरकलं होतं, 'वडिलांनी मला बाहेर काढले.'

"आप्पा," सर म्हणाले. "आप्पा, मी दया. बघा इकडं. मी बाहेर आहे."

आप्पांनी मान वर केली. समोरचा चष्मा बघितला, इन केलेला शर्ट बघितला, बूट बघितले.

"बाजूला व्हा, पाव्हनं," ते म्हणाले. "तुमच्या पायानं माती पडंल आत."

"आप्पा, मीच हो. मी तुमचा दया."

"माझा दया ल्हान हाय," आप्पांनी समजावून सांगितलं. "दुसरीला हाय." आणि पुन्हा वाकले.

सरांनी त्यांचा हात धरला. आप्पांनी तो असा हिसडून सोडवला की सर मागे कोलमडले, विटांच्या त्या ओळीपाशी बसले आणि रडायला लागले. चाळिशीला टेकलेला माणूस, भर रस्त्यात, लोकांसमोर. त्यांना आवरता येईना आणि आवरावंसं वाटेना.

आप्पा थांबले. त्यांनी या परक्या माणसाकडे नीट बघितलं. चेहऱ्यावरचा त्रास जरा निवळला. जवळ येऊन त्यांनी रक्ताळलेला हात सरांच्या पाठीवर ठेवला.

"तुमचं बी कोन हाय का आत, पाव्हनं?"

सरांनी डोळे पुसले. "हाव," ते म्हणाले. "माझा बाप हाय."

"मंग बसून का ऱ्हायलाव? उचला की," आप्पा म्हणाले. "फकस्त फेकू नगा. खालच्याला लागंल."

सर उठले. त्यांनी बाह्या सारल्या, दोन्ही हातांनी एक वीट उचलली आणि आप्पांच्या ओळीत नेऊन ठेवली.