पहिल्या खटक्याची तार

संपतला तापलेलं काही बघवतच नसे. त्यामुळं मांडवगणच्या मळ्यातल्या बुटक्या ट्रॅक्टरचं झाकण उघडल्यावर आतली कॉइल चुलीगत तापलेली दिसली, तेव्हा त्याला वाटलं, हीच बया बॅटरी खाते. पठ्ठ्यानं कुणाला न विचारता तिच्या दोन्ही टोकांना जाड तार जोडून करंटला कॉइल टाळून परस्पर वाट करून दिली.

पन्नास वर्षांचा तो बॅटरीवरचा परदेशी ट्रॅक्टर म्हणजे त्याच्या बायकोचे, मालनबाईचे पाय होते. गुडघे गेले तशी ती त्याच्यावर बसूनच शेवंतीच्या सरीतनं फिरायची. दुसऱ्या दिवशी तिनं वेगाचा पहिला, सगळ्यात हळू खटका दाबला आन् एरवी गोगलगायीगत सुटणारी गाडी एकदम उसळली. वाफा झोपला, बाई खाली पडली. लोक म्हणाले, वय झालं, हात तिसऱ्या खटक्यावर गेला असंल. संपतनं मान डोलावली.

त्याच संध्याकाळी त्याला उमगलं. कॉइल निम्मा जोर आपल्या अंगावर घेत होती, म्हणून तर मोटर दमानं सुटायची. त्यानं गुपचूप तार काढली आन् बायकोला म्हणाला, आता बस गाडीवर. पण तिचा स्वतःच्या हातावरचाच भरवसा उडाला होता. चार महिने ती ओट्यावर बसून दुसऱ्यांनी तोडलेली फुलं निवडत राहिली. खरं सांगायला संपतची जीभ काही रेटली नाही. लाजच तेवढी वाटत होती.

शिक्रापूरच्या कंपनीत मोटरचे पॅनेल जोडणारी त्यांची लेक समृद्धी रविवारी नवा कंट्रोलर घेऊन आली. म्हणाली, यात काही न तापता हवा तेवढाच वेग मिळतो. मग झाकण उघडून बघितलं आन् बुचकळ्यात पडली. जुनं सगळं ठीक होतं. म्हणाली, म्हणजे आईचाच हात चुकला असणार.

मालनबाईनं मान खाली घातली. "गाडीला कशाला काय बसवतीस? बिघडलाय तो माझा हात."

आता मात्र संपतला राहवलं नाही. "तुझा हात न्हाई चुकला. मी तार जोडली हुती. तू पडलीस त्याच दिवशी कळलं मला, पर बोललो न्हाई."

मालनबाईनं आपले दोन्ही हात उलटसुलट करून बघितले.

"चार महिनं मी चहाची कपबशीबी दोन्ही हातानं धरतीय," मालनबाई म्हणाली. "तुमच्या डोळ्यांदेखत."

ती उठली, लेकीचा हात न धरता ट्रॅक्टरवर चढली. संपतला म्हणाली, "तुम्ही गाडीच्या पुढं चाला."

तो सरीत उतरला. मागं पहिला खटका वाजला, चाकं हळूहळू फिरू लागली. सरीच्या टोकापर्यंत संपतनं मागं वळून बघितलं नाही.