खरवड जळली नव्हती

माझ्या आईनं म्हातारपणी इंग्रजी शिकायला घेतलं, कारण सुनेला एक उत्तर द्यायचं राहिलं होतं. शेजाऱ्यांना ती वेगळी कारणं सांगायची: डोकं तल्लख राहतं, वेळ जातो, डॉक्टरांनी सांगितलंय. शेजारी माना डोलवायचे. खरं कारण आख्ख्या गल्लीला ठाऊक होतं.

मी इथे सान्तियागोत कॉल सेंटरसाठी मुलं तयार करते. अमेरिकेत कुणाचं वॉशिंग मशीन अडलं की फोन आमच्या स्पॅनिश बोलणाऱ्या बेटावर वाजतो, आणि आमच्या गावच्या पोरानं तो असा घ्यायचा की पलीकडच्या बाईला तो तिच्याच आळीतला वाटावा. शब्द मुलांना येतात. अडतं ते शेपटांपाशी. इंग्रजाला क्रियापद एकटं घराबाहेर पाठवायची भीती वाटते. सोबत एक बारकं कारटं दिल्याशिवाय तो त्याला उंबरा ओलांडू देत नाही, आणि कारटं बदललं की क्रियापदाची चालचलणूकच बदलते. गिव्ह अप म्हणजे सोडून देणं, गिव्ह इन म्हणजे नमतं घेणं, गिव्ह आउट म्हणजे वाटणं आणि वर संपून जाणंसुद्धा. यात देण्याचा संबंध कुठे आला, असं मुलं विचारतात. मी म्हणते, पाठ करा.

संध्याकाळची शिकवणी घराच्या व्हरांड्यात असायची. आई कोपऱ्यात झुलत्या खुर्चीत बसून वाटाणे सोलायची आणि फुकटचे शेरे मारायची.

"बेल्किस, या लोकांकडे शब्द कमी पडले होते का गं? एका 'गेट'वर सगळा संसार? उठायचं गेट, पळायचं गेट, बरं व्हायचं तेही गेट?"

"आई, शिकवू दे."

"शिकव की. आणि कोणी मेलं तर म्हणे बादलीला लाथ मारली. बादलीनं काय घोडं मारलं होतं?"

मुलं हसायची. माझ्यापेक्षा त्यांना तिचाच तास आवडायचा.

एका संध्याकाळी मी धीर द्यायची वाक्यं घेत होते. गिऱ्हाईक चुकलं तर त्याला ओशाळं वाटू नये म्हणून काय म्हणायचं, तर: "इट हॅपन्स टु द बेस्ट ऑफ अस." खुर्ची झुलायची थांबली.

"पुन्हा म्हण."

मी म्हटलं.

"अर्थ?"

"भल्याभल्यांच्या हातून होतं असं. म्हणजे चूक झाली तरी मनाला लावून घेऊ नका."

आईनं वाटाण्यांचं भांडं खाली ठेवलं आणि आत निघून गेली.

झालं होतं ते असं. माझा भाऊ रादामेस अमेरिकेतून लग्न करून आला तेव्हा मी राजधानीत नोकरीला होते. नव्या सुनेसाठी, हेदरसाठी, आईनं तूर घातलेला भात केला. आमच्याकडे पातेल्याच्या तळाशी लागलेली खरवड, म्हणजे कोंकोन, तिच्यावरून सख्खे भाऊ भांडतात. ती पाहुण्याला देणं म्हणजे घरात घेणं. आईनं सगळ्यात मोठा, सोनेरी तुकडा उचकटून हेदरच्या ताटात ठेवला. हेदरनं तो पाहिला, हळूच ताटाच्या कडेला सारला, आईचा हात थोपटला आणि गोड हसून हेच वाक्य म्हणाली. रादामेसनं भाषांतर केलं, "म्हणतेय, जेवण फार छान झालंय." त्याचं लग्न नुकतंच झालं होतं.

आईनं ते वाक्य दागिन्यासारखं जपलं. त्यानंतर कितीतरी वर्षं शेजाऱ्यांना खरवड वाढताना ती ते इंग्रजीत म्हणून दाखवायची, इतकं मोडूनतोडून की मलाही कधी ओळखू आलं नाही: अमेरिकन सुनेनं माझ्या हाताला दिलेली पावती. तंबाखूच्या कारखान्यात पानांच्या तपकिरी छटा निवडण्यात जिचं आयुष्य गेलं, तिला एका पोरीनं भात करपल्याबद्दल माफ केलं होतं, आणि ती ती माफी गल्लीभर मिरवत होती.

दुसऱ्या दिवशी ती वर्गात पुढच्या खुर्चीवर येऊन बसली. तिला उत्तर हवं होतं, पण साधं उत्तर नको होतं. आमच्याकडचा टोमणा माणूस घरी पोचून चपला काढताना लागतो. तसलं काहीतरी इंग्रजीत हवं होतं. मी एकेक वाक्प्रचार तिच्यापुढे ठेवायची आणि ती बाजारात अवाकाडो दाबून पाहावा तसा प्रत्येक दाबून पाहायची. हा कच्चा. हा गुळमुळीत. "ही भाषा टोमण्यासाठी नाहीच गं. हिच्यात सगळं पाठीवर हात फिरवत बोलतात. समोरच्याला कळणार कसं की आपण रागावलोय?"

फोनवर हेदर आली की आई गोड बोलायची. हाऊ आर यू, टेक केअर. समोरासमोर भेट होईपर्यंत दारूगोळा राखून ठेवला होता.

भेट झाली नाही. इस्पितळात शेवटी शेवटी तिनं मला जवळ बोलावलं. मला वाटलं, आता ती माझ्याविषयी काही म्हणेल.

"ते तुझं गेट-बिट राहू दे. हेदरला एवढंच सांग, ती खरवड जळली नव्हती. तोंडावर सांग. फोनवर नको."

हा माझा वारसा.

आमच्याकडे माणूस गेलं की घरात पांढऱ्या चादरीची वेदी मांडतात. त्यावर फोटो, मेणबत्त्या, पाण्याचा पेला. नऊ दिवस रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, शेवटच्या दिवशी सगळ्यांना जेवण, मग वेदी उतरवायची. तोवर आत्मा घरात वावरतो म्हणतात. आईची धाकटी बहीण, नुरिस मावशी, यावर ठाम होती. "वेदी उतरायच्या आत निरोप दे, नाहीतर ताई दारात ताटकळत राहील. आणि ताईला ताटकळायची सवय नाही, माहीत आहे ना तुला." मी असल्या गोष्टी मानत नाही. पण मावशी मानते, आणि ती आमच्या भिंतीला भिंत लावून राहते.

रादामेसचा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये होता, म्हणून शेवटच्या दिवशी सकाळी हेदर एकटीच आली. दारातच तिनं मला मिठी मारली आणि रडायला लागली. मी अजून रडले नव्हते, त्यामुळे आम्हा दोघींत पोरकी कोण, असा पाहणाऱ्याचा गोंधळ झाला असेल.

"हाऊ आर यू होल्डिंग अप?" तिनं विचारलं.

"काय म्हणते ही गोरी ग्रिंगा?" मावशी.

"विचारतेय, तग धरून आहेस ना."

"आपण काय पूल आहोत?"

हेदरनं मावशीचे दोन्ही हात धरले. म्हणाली, आई पास्ड अवे झाल्या तरी शी इज इन अ बेटर प्लेस.

"म्हणते, ताई आता जास्त चांगल्या जागी आहे."

"या घरापेक्षा?" मावशीनं हात सोडवून घेतले. "बरोबर आहे. मागच्या वेळी एसी नाही म्हणून हॉटेलात उतरली होती ना."

"काय म्हणाल्या?" हेदरनं डोळे पुसत विचारलं.

"म्हणाली, तू आलीस, बरं झालं."

दिवसभर हेच चाललं. इंग्रजीत दुःखाला सारखं कुठेतरी जायचं असतं. गेट थ्रू, गेट ओव्हर, मूव्ह ऑन, सगळीकडे पायाला भिंगरी. नुसतं बसून राहायचं असेल तर त्यासाठी हेदरकडे वाक्य नव्हतं. मी दोनदा निरोप द्यायला तोंड उघडलं. पहिल्यांदा ती आईच्या फोटोपुढे गुडघे टेकून होती, दुसऱ्यांदा लोकांना कॉफी देत होती, आणि कुणाचा कप घेताना ओशाळून हसत होती. अशा माणसाला कसं सांगायचं, की एक बाई तुझ्यावर मरेपर्यंत रागावलेली होती, आणि तेही भातावरून? मावशी मात्र माझ्या मागे येऊन दंडाला चिमटे काढत होती. "सांगितलंस? मेणबत्ती बघ केवढीशी उरलीय."

पंगती उठल्या. रोझरी म्हणणाऱ्या तोमासाबाई शेवटच्या प्रार्थनेसाठी चष्मा पुसायला लागल्या. तेवढ्यात स्वयंपाकघरातून मावशीची किंकाळी आली.

आम्ही धावलो. हेदर मोरीपाशी उभी होती, बाह्या वर सारून. तिच्यापुढे भाताचं मोठं पातेलं, तळाला आख्खी खरवड, आणि तिच्या एका हातात साबण, दुसऱ्या हातात पाण्यानं भरलेला तांब्या. भांडं भिजत घालून ती आम्हाला मदत करणार होती. मावशीनं तिचं मनगट धरून ठेवलं होतं, सुरी हिसकावून घ्यावी तसं.

"मला वाटलं, जळलंय," हेदर घाबरून म्हणाली.

"जळलं नाहीये," मी म्हटलं. "तेव्हाही जळलं नव्हतं."

इतकं सोपं इंग्रजी मी कित्येक वर्षांत बोलले नव्हते. वर्गात असतं तर मीच गुण कापले असते.

तिनं तांब्या खाली ठेवला. पातेल्यात पाहिलं, मग माझ्याकडे, आणि तिचा चेहरा हळूहळू लाल होत गेला.

"त्या दिवशी... तो तुकडा..."

"सगळ्यात चांगला होता. तुला दिला होता."

"आणि मी त्यांना म्हणाले..."

"हो. तेच म्हणालीस."

"देवा. मला इतकी वर्षं वाटत होतं, मी त्या दिवशी फार चांगली वागले." ती स्टुलावर बसली. "त्यांना कधी कळलं?"

"माझ्या वर्गात. मग ती इंग्रजी शिकली. तुला उत्तर द्यायला."

"मला वाटायचं, माझ्याशी बोलायला शिकतायत."

दोन्हीत फार फरक होता का, हे मलाही ठाऊक नव्हतं.

"काय म्हणते?" मावशी.

"खरवड मागतेय," मी म्हटलं. हेदरनं मागितली नव्हती, पण तिनं ताटली उचलली. तेवढं तिला भाषेशिवाय कळलं.

मावशीनं दोन्ही हात लावून उलथन्यानं तळ उचकटला आणि सगळ्यात मोठा, सोनेरी तुकडा तिच्या ताटलीत ठेवला. आईचा वाटा. हेदरनं डोळे मिटून, प्रायश्चित्त घ्यावं तशी, कचकन चावा घेतला.

आवाज खरवडीपेक्षा जरा वेगळा आला.

तिनं तोंडात बोट घातलं आणि तळहातावर एक दात काढून ठेवला. दात कसला, दाढेवरची टोपी. मी तिच्या शेजारी वाकले, तिचा हात थोपटला, आणि मनापासून, अगदी मनापासून, म्हणाले,

"इट हॅपन्स टु द बेस्ट ऑफ अस."

माझंच वाक्य मला ऐकू आलं तेव्हा उशीर झाला होता. हेदरनं माझ्याकडे डोळे विस्फारून पाहिलं. मग गालावर हात दाबून ती हसायला लागली, खांदे गदगदा हलेपर्यंत.

"काय म्हणालीस तिला?" मावशीनं मला हलवलं.

"म्हटलं, भल्याभल्यांचं होतं असं."

मावशीनं बाहेरच्या वेदीकडे पाहून छातीवर क्रूसाची खूण केली. "ताई, पोचलं गं."

शेवटची रोझरी झाली. मेणबत्त्या विझवल्या, पेल्यातलं पाणी दाराबाहेर ओतलं. चादर घडी करायला दोन माणसं लागतात. एक टोक माझ्याकडे होतं, दुसरं हेदरनं उचललं, गाल सुजलेला. मधोमध मेणाचे डाग पडले होते. ते पाहताना मला पुढचं नीट दिसेना, आणि माझं टोक हातातून सुटलं.

हेदरनं तोंड उघडलं. मला वाक्य ठाऊक होतं, शेपटासकट.

तिनं तोंड पुन्हा मिटलं. वाकून माझं टोक उचललं, माझ्या हातात दिलं, आपल्या जागी परत गेली आणि चादर ताणून धरून उभी राहिली. मी घडी घालेपर्यंत.