आमच्या बँडला गाणारा नव्हता

आमच्या बँडला गाणारा नव्हता, हे लोकांना कधी पटलंच नाही. अडुसष्ट साली आम्ही उंब्रजचे चौघं होतो: इलेक्ट्रिक गिटारवर अर्जुना, त्याच्या साथीला भाऊसो आणि बाळासो, आणि ड्रमवर मी, सयाजी. रॉक म्हणतात तसल्या नुसत्या वाजवायच्या धुना, त्याही अर्जुनानं स्वतः बांधलेल्या. सांगलीत गणपतीच्या मंडपात सुरू झालो की पुढच्या रांगेतून हमखास यायचं, "आरं, गाणारा कुठाय?" पाच वर्षं हेच ऐकून घेतलं. मग कुणी बोलवेना. बँड मोडला आणि अर्जुनानं गिटार विकून साखर कारखान्यात नोकरी धरली.

त्याचं लग्न त्यानंतरचं. त्यामुळं रंगूवहिनींनी नवऱ्याला वाजवताना कधी ऐकलंच नाही. शहाऐंशीत तो काविळीनं गेला. मागं राहिली सांगलीत एका हौशी माणसानं आमचं वाजवणं भरून दिलेली स्पूलची फीत, आणि ती वाजवायचं यंत्र आमच्याकडं कुणाकडंच नव्हतं.

चौऱ्याण्णवला टीव्हीवाल्यांना आमचा शोध लागला. विसरलेल्या बँडवर त्यांना कार्यक्रम करायचा होता. वहिनी म्हसवडला माहेरी राहत होत्या, तिथून फीत घेऊन आल्या. म्हणाल्या, "भावजी, मला दुसरं कायबी नको. ह्येंचं वाजीवल्यालं येकदा ऐकाय मिळू द्या." टीव्हीवाल्यांनी कबूल केलं. पुढं त्यांचं पत्र आलं. फीत जीर्ण होती, दीड मिनिट वाजून तिचे तुकडे झाले, पण तेवढा भाग कार्यक्रमात घेतला आहे. म्हणजे अर्जुनाचं एवढंच उरलं होतं.

माझी मुलाखतही झाली. मला बोलतं करावं लागत नाही. वीस वर्षं कुणी विचारलं नव्हतं, मग तोंड कसलं आवरतंय? चांगला दोन तास बोललो.

कार्यक्रमाच्या रविवारी सकाळी आमच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. माझ्या मुलीनं, रेश्मानं, टीव्हीपुढं टेपरेकॉर्डर लावला. वहिनी अगदी पुढं बसल्या. पडद्यावर आमचा जुना फोटो आला आणि गिटारचा पहिला सूर निघाला. तेवढ्यात माझाच आवाज सुरू झाला. "अर्जुनासारखा हात मी पुन्हा बघितला नाही..." गिटार मागं शेजारच्या घरात वाजावी तशी, आणि तिच्यावर मी बोलतोय ते बोलतोयच. मी गप्प झालो तेव्हा गिटारही थांबलेली होती.

लोक माझी पाठ थोपटत होते. मला कुठं तोंड लपवू असं झालं. "लय चांगलं बोलला तुमी," वहिनी म्हणाल्या. रेश्माकडून कॅसेट मागून घेतली आणि दुपारच्या एस्टीनं गेल्या.

माझ्या बोलण्याशिवायचा तुकडा द्या, म्हणून मी टीव्हीवाल्यांना तीन पत्रं धाडली. तिसऱ्याला उत्तर आलं, तसा तुकडा ठेवलेला नाही.

ते सांगायला मी म्हसवडला गेलो. वहिनी कॅसेटच लावून बसल्या होत्या. खोलीभर माझा आवाज. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"वहिनी, बंद करा ते," मी म्हणालो.

"ऱ्हाऊ द्या. तुमचं बोलणं आता पाठ झालंय. तेवढं वगळून ऐकाय बघती."

"येतंय का ऐकू?"

"अजून न्हाई," त्या म्हणाल्या आणि कॅसेट पुन्हा मागं घेतली.