गुऱ्हाळावरचा घाव

साळूबाईनं उसाचं वाढं छाटलं, ऊस ढिगावर टाकला आणि दुसऱ्याला हात घातला, तोच चरकाचा आवाज बदलला. पट्टा किंचाळल्यासारखा घसरू लागला. तिनं मान वर केली. तिचा धाकटा दीर केरबा चरकाला चिकटून उभा होता आणि त्याचा उजवा हात मनगटाच्या वरपर्यंत ऊस पिळणाऱ्या लोखंडी लाटांमध्ये गेला होता.

आधी त्याच्या तोंडून आवाजच फुटला नाही. मग फुटला तो माणसाचा वाटत नव्हता.

"इंजिन! सिद्धू, इंजिन बंद कर!" साळूबाई ओरडली.

पण इंजिन सांभाळणारा सिद्धू जागेवर नव्हता. पाणी आणायला विहिरीकडं गेला होता. इंजिनाची खोपी चिपाडांच्या ढिगाला वळसा घालून पार कुंपणापलीकडं. काहिलीतला रस ढवळणारा मौला गुळव्या हातातलं फावडं टाकून तिकडं पळाला, पण त्याचा एक पाय अधू. त्याचं पळणं ते केवढं.

हाड आडवं आल्यानं लाटा अडत होत्या. पट्टा घसरायचा, पुन्हा पकड घ्यायचा, आणि प्रत्येक पकडीला केरबा बोटभर आत ओढला जायचा. रसाच्या पन्हाळीतून आता तांबडं उतरत होतं.

साळूबाई त्याच्यापाशी पोचली तेव्हा कोयता तिच्या हातातच होता. केरबानं आधी तिच्याकडं बघितलं, मग कोयत्याकडं.

"नको," तो म्हणाला. "वयनी, नको. नको!"

तिनं डाव्या हातानं त्याचा दंड धरला आणि कोपराच्या सांध्यावर घाव घातला. कोयता हाडात रुतला. चरकाला पाय लावून तिनं तो उपटला. पुन्हा घातला. केरबाचं ओरडणं थांबलं. तिसऱ्या घावाला तो मोकळा होऊन तिच्या अंगावर कोसळला, आणि चरक उरलेलं गिळून पहिल्यासारखा एकसुरात चालू लागला.

रक्त उसळत होतं. तिनं लुगड्याचा काठ दातानं फाडला, त्याच्या दंडाला करकचून गाठ मारली, गाठीत उसाचं कांडं घातलं आणि कडब्याच्या गाडीवर दोर आवळतात तसा पीळ देत गेली. धार थेंबावर येईपर्यंत देत राहिली. इंजिन बंद करून मौला लंगडत परत आला तेव्हा केरबाचं डोकं तिच्या मांडीवर होतं आणि तिच्या नाकातोंडावर त्याचं रक्त वाळत होतं.

तेवढ्यात बांधावरून केरबाची बायको राहीबाई भाकरीची पाटी घेऊन आली. पाटी डोक्यावरून कधी पडली ते तिला कळलं नाही. तिनं नवऱ्याकडं बघितलं, कोयत्याकडं बघितलं.

"डाव साधलास," ती म्हणाली. "शेवटी डाव साधलास भवाने!"

गावानंही तेच धरलं. धरणारच. साळूबाईचा नवरा कृष्णात पलटणीत. लढाई संपली तरी तो सरहद्दीवरच होता. भावाभावांत जमिनीची वाटणी झाली, पण विहीर आणि चरक सामाईकच राहिले. गेल्या उन्हाळ्यात साळूबाई उसाला पाणी पाजत असताना केरबा आला आणि पाणी आपल्या रानाकडं वळवायला त्यानं तिचा पाट फोडला. ती पाटात आडवी उभी राहिली. त्यानं खोऱ्याचा दांडा तिच्या पोटात हाणला. पडल्यावरही हाणला. तिला पाचवा महिना होता. रंगुबाई सुईण येईपर्यंत ती पाटातल्या चिखलात हातपाय झाडत होती. मग रंगुबाईनं जे काही होतं ते फडक्यात गुंडाळून नेलं.

कृष्णात रजेवर आला. भावाच्या दारात उभा राहून त्यानं शिव्या दिल्या, दगड मारून त्याची घागर फोडली, आणि रजा संपून जाताना बायकोला म्हणाला, "मिटवून घे. मी न्हाई हितं. त्येच्याच शेजारी ऱ्हायचं हाय तुला."

तिनं मिटवलं नाही. भांडलीही नाही. केरबाशी बोलणं तेवढं टाकलं. अपघाताच्या दिवशी चरकावरची त्याची पाळी संपत आली होती आणि तिची लागणार होती, म्हणून ती तिथं होती, एवढंच.

मौलानं पोलिसांना ऐकलं ते सांगितलं. "त्यो नको नको म्हनत हुता. तिनं तोडला. आन् तिनंच रगात बी थांबवलं." लोकांनी शेवटचं वाक्य गाळून बाकीचं गावभर नेलं. मुलं तिला बघून वाट सोडायला लागली. तिच्या उसाला हात लावायला मजूर येईना.

केरबा शुद्धीवर येऊन बोलू लागला तेव्हा फौजदार त्याचा जबाब घ्यायला मिरजेच्या दवाखान्यात गेले. साळूबाईलाही त्यांनी सोबत नेलं. ती दाराशी उभी राहिली. खाटेवर केरबा निम्मा झाला होता. उशाला राहीबाई होती.

"हात कुणी तोडला?" फौजदारांनी विचारलं.

"वयनीनं."

"तू नको म्हणत होतास, असं साक्षीदार सांगतो."

केरबा आढ्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "मीच म्हनालो, तोड. मौला लांब हुता. त्येला काय आयकू येनार?"

राहीबाईचा उशीवरचा हात जागीच थांबला. साळूबाईनं चौकट धरली. बेडीची भीती इतके दिवस छातीवर बसली होती, ती उठून गेल्यासारखी झाली.

तेवढ्यात केरबानं मान वळवून तिच्याकडं बघितलं. त्या उन्हाळ्यानंतर पहिल्यांदाच असं सरळ. बाजारात बैलाचा सौदा पटल्यावर माणसं एकमेकांकडं बघतात, तसं.

"सायेब," साळूबाई म्हणाली, "त्ये खोटं हाय."

फौजदार वळले.

"भावजी नको नको म्हनत हुतं. तरी मी तोडला."

"का?"

"न्हाई तोडला असता तर खांद्यापातुर गेलं असतं. जीव गेला असता त्येंचा."

"एवढंच कारण?"

तिनं आपले तळवे एकमेकांवर घासले.

"पयल्या घावाचं एवढंच. दुसऱ्या-तिसऱ्याचं मला सांगता याचं न्हाई."

फौजदार खाटेकडं वळले. मग त्यांनी केरबाला विचारलं, "तुझी तक्रार आहे?" त्यानं नाही म्हणून मान हलवली. राहीबाईनं तोंड उघडलं आणि पदरानं झाकून घेतलं. फौजदार टोपी घालून बाहेर पडले. त्यांचे बूट व्हरांड्यात लांबवर वाजत गेले.

"वयनी," केरबा म्हणाला, "तुमच्यासाठनंच खोटं बोललो मी."

"ठावं हाय."

"मग?"

"त्यात माजं पोर मिटवू नका. तुमचा हात चरकानं नेला. माजं पोर तुमी नेलं."

केरबाचा चेहरा आधीच पांढरा होता; त्याच्यावर आणखी काही उमटायला जागा नव्हती. राहीबाई खिडकीबाहेर बघू लागली. बाहेर कुणीतरी बादली आपटली. साळूबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि जायला वळली.

"वयनी."

ती थांबली.

"पोरगा हुता का पोरगी?"

गावात हे तिला कुणी विचारलं नव्हतं. कृष्णात आठ दिवस घरात होता, त्यानंही नाही. रंगुबाईनं तेवढं तिच्या कानात सांगितलं होतं, आणि तेव्हापासून ते एकटीच्याच पोटात होतं.

"पोरगी," ती म्हणाली, आणि चौकटीला पाठ टेकून तिथंच खाली फरशीवर बसली.