करपलेल्या डाळीचा साक्षीदार

मित्रांनो, मी कडेगावच्या एका घरातला जुना कुकर. बुडाला काळा, पोटाला पोचे आलेला. माझ्या दांड्याचा स्क्रू कधीच पडला, तिथं आता तार गुंडाळली आहे.

कृष्णात फौजेत होता तेव्हाची गोष्ट. पहिल्या सुट्टीला येताना त्याने मला कॅन्टीनमधून घेतलं आणि ट्रंकेत घालून आईसाठी आणलं. तो म्हणतो, झाशीहून. त्याची आई चंद्राबाई म्हणते, जबलपूरहून. दोघं अजून भांडतात. मला विचाराल तर मी खोक्यात होतो, मला काय दिसणार?

माझी पहिली शिट्टी ऐकून चंद्राबाई अंगणात पळाली होती. पुढं सवय झाली. इतकी, की ती माझ्याशी बोलायची. "दम धर की रं, मसाला वाटून हुतोय," असं म्हणायची आणि मीही जमेल तेवढा दम धरायचो. तिची आमटी खाऊन पाहुणे तिला नावाजायचे. ती मात्र पदराने माझं झाकण पुसायची. माझा वाटा मला तिथं मिळायचा.

वर्षं गेली. कृष्णात पेन्शनवर घरी आला आणि ऊस बघू लागला. सून अंकिता आली, नात झाली. चंद्राबाईचे केस पिकले, पण आमटी तिच्याच हातची. एवढी एक गोष्ट तिने कुणाला दिली नव्हती.

मग तो दिवस आला.

त्या दिवशी अंकिता माहेरी गेली होती. चंद्राबाईने तुरीची डाळ लावली, शिट्ट्या मोजल्या, गॅस बंद केला आणि कढीपत्ता घेऊन शेजारच्या मनुबाईकडं गेली. तेवढ्यात कृष्णात आला, फोन कानाला लावून. मला हात लावून बघितला. आणखी एक शिट्टी होऊ दे, असं त्याला वाटलं असावं. बोलता बोलता त्याने गॅस पेटवला. तोच फोनवरचा माणूस ओरडला, "आरं, लाईट आली!" शेतातल्या मोटारीची लाईट आली की आमच्याकडं माणूस हातातला घास टाकून पळतो. कृष्णातही पळाला.

मी ओरडलो. लय ओरडलो. मनुबाईच्या ओट्यावर बसलेल्या चंद्राबाईला ते ऐकूही गेलं. ती म्हणाली, "कुनाचा गं कुकर कवाधरनं बोंबलतोय?" आपला गॅस आपल्या हाताने बंद केलाय, याची तिला खात्री होती ना!

पाणी आटलं, डाळ जळाली, माझं रबर वितळलं. धूर बघून लोक धावले.

"आये, गॅस चालू ठिवून गेलीस व्हय?" कृष्णात म्हणाला.

"मी बंद केला हुता रं."

"बंद केलेला कुकर जळतुया काय?"

मनुबाईनेही भोळेपणाने सांगून टाकलं, "आमी दोघी ऐकत बसलो हुतो की. लय हसलो!" झालं. कुणी खोटं बोललं नव्हतं. कृष्णातही नाही. आपण गॅस पेटवला, हे त्याच्या डोक्यात उरलंच नव्हतं.

त्या दिवसापासून चंद्राबाईने गॅसला हात लावायचा नाही, असं ठरलं. अंकिताने सांगितलं ते मायेनेच, "आत्याबाई, तुमी नुसती भाजी निवडा." चंद्राबाई पहिल्यांदा म्हणत होती, "मी बंद केला हुता." मग म्हणू लागली, "केला असंल." मग, "नसंल केला." शेगडीसमोरून जाताना ती माझ्याकडं बघायचीही बंद झाली.

पुढं एकदा अंकिता मला उतरवून न ठेवता, गॅस बंद करून बचत गटाच्या बैठकीला गेली. चंद्राबाई पायरीवर घेवडा निवडत होती. मागच्या दाराने कृष्णात आला, फोन कानालाच. मला चाचपलं, गॅस पेटवला आणि लाईट आल्याचं कळताच मोटारीकडं गेला.

मी शिट्ट्या देऊ लागलो. चंद्राबाईचे हात थांबले. करपट वास आला तशी ती उठली, आत आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. बटणापर्यंत गेलेला हात तिने मागं घेतला.

"मीच लावला का रं तुला?" तिने मला विचारलं.

मित्रांनो, माझ्या अंगात वाफ होती, शब्द नव्हते.

शेवटी तिने बटण फिरवलं, आणि त्याच वेळी अंकिता दारात आली.

"आत्याबाई! हात लावू नका म्हनलं हुतं न्हवं?"

"चुकलं बाई माजं."

एवढ्यात अंगणातून कृष्णातचा आवाज आला, "डाळ शिजली का गं? आनि एक शिट्टी हुईल म्हनून लावून गेलतो."

अंकिताने नवऱ्याकडं बघितलं. "आवं, मग त्या दिवशी बी तुमीच...?"

"त्या दिवशी? छ्या! शपथ घिऊन सांगतो, मी घरात आलोच न्हवतो." मग तो माझ्या काळ्या बुडाकडं बघत राहिला आणि पाट ओढून खाली बसला. "आये, मीच असनार गं. पर मला काय बी आठवत न्हाई."

अंकिताने लायटर सासूच्या हातात ठेवला. चंद्राबाईने तो घेतला आणि लेकाच्या पाठीवरून हात फिरवला.

"न्हाई रं लेकरा. त्या दिवशी मीच इसरले हुते. गॅस तसाच ठिवला नि कढीपत्ता घिऊन भायेर पडले. मला चांगलं आठवतंय."

तिला खरंच तसं आठवत होतं. आम्हीच सगळ्यांनी मिळून तिला ते आठवायला लावलं होतं.

मित्रांनो, माझं जळालेलं रबर बाजारात नवीन मिळालं. चंद्राबाईच्या हाताला पुन्हा आमटी मिळाली, पण गॅस बंद केल्यावर ती आता परत येऊन बटण चाचपते. तरी धीर होत नाही, मग हाक मारते, "अंकिता, बघ गं, झालाय न्हवं बंद?" अंकिता पिठाच्या हाताने येते, वाकून बघते आणि म्हणते, "झालाय, आत्याबाई. तुमीच केलाय."

तुमच्या घरी कुणी अशी हाक मारली तर हसू नका. उठून जा, वाकून बघा, आणि जरा मोठ्याने सांगा.