हाकेत मावेल असं नाव

"चिव!"

एवढीच हाक. एका श्वासाची, मागेपुढे काही नाही. मी सात वर्षांची होते, झुल्याच्या दांडीला लोंबकळत होते, आणि समोरच्या झुल्यावर गुडघे अडकवून उलटे टांगलेले बाबा हात लांब करून माझ्याकडे येत होते. हाक कानावर पडली आणि माझी बोटं आपसूक सुटली. पोटात गुदगुल्या, कानात वारा, आणि मग मनगटांभोवती बाबांची पांढऱ्या पुडीने माखलेली पकड. अजून तो आवाज आठवला की माझ्या तळहातांना घाम येतो.

आमच्या सर्कशीत हीच रीत. झेलणाऱ्याने उडणाऱ्याचं नाव घ्यायचं, आणि नाव ऐकलं की दांडी सोडायची. म्हणून नाव आखूड हवं. कागदावर माझं नाव चांगलं पाच अक्षरांचं आहे, आजीने हौसेने ठेवलेलं. ते म्हणून होईपर्यंत मी केव्हाच जाळीत पडले असते. शिवाय हाकेचं नाव मुलाला शोभेल तसंच मुलीलाही शोभायला हवं. बाबा म्हणायचे, "वर गेल्यावर पोरगा-पोरगी काही नसतं. वजन असतं आणि वेळ असते."

आणि ते नाव ठेवतो झेलणाराच.

माझी लेक एकवीस दिवसांची झाली, तरी बाबांच्या तोंडून नाव निघेना. तिच्या कागदावरही मला हाकेचंच नाव हवं होतं. त्यात आज दुपारी बाराच्या आत नोंदणी कचेरीत कागद द्यायचा होता, कारण एकला आमच्या गाड्या पुढच्या गावाला निघणार होत्या. कारकुनाने बजावलं होतं, "जागा रिकामी दिसली तर मी 'मुलगी' असं लिहून मोकळा होईन." लेकीचं नाव मुलगी! पुढे शाळेत हजेरी घेताना वर्गातल्या अर्ध्या पोरी ओ देतील.

सकाळी आम्ही चौघं आमच्या चाकांवरच्या खोलीत दाटीवाटीने बसलो होतो. मी, बाबा, आत्या आणि माझा नवरा. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. तीस वर्षं उडाली, आता आमचे पोशाख शिवते. नवरा विदूषक. झुल्याच्या शिडीच्या तिसऱ्या पायरीवरच त्याला भोवळ येते, म्हणून बाळ त्याच्या मांडीवर. त्यामागे कारण होतं. नाव पारखायचं तर ते झेलणाऱ्याच्या हाकेत म्हणून बघावं लागतं, आणि ती हाक ऐकली की आमच्या घराण्यातला माणूस हातात असेल ते सोडतो. तेव्हा हाक चालू असताना आमच्यापैकी कुणी बाळाला उचलायचं नाही, असा सक्त हुकूम होता.

नवऱ्याने जुन्या जाहिरातीच्या पाठीवर नावं लिहून आणली होती. त्याने घसा खाकरला आणि हुबेहूब बाबांसारखी हाक ठोकली.

"नील!"

आत्याच्या हातून केटलीचं झाकण सुटलं. माझ्या हातून साबण. बाबांचे दोन्ही हात सरळ पुढे आले आणि झाकण एकात, साबण दुसऱ्यात.

"शेवटी जीभ टाळूला चिकटते," बाबा साबणाकडे बघत म्हणाले. "हाक तिथेच गुदमरते."

"किरण!"

आत्याची कात्री. बाबांनी ती मुठीकडूनच धरली.

"'ण' येईस्तोवर पोर खाली."

"मनू!" दोन बशा, एक माझी, एक आत्याची. दोन्ही झेलल्या. "बरं आहे, पण उशीवर डोकं टेकल्यासारखं वाटतं."

"अहो सासरेबुवा," नवरा म्हणाला, "एवढ्या खोडी तर मी तुमची मुलगी मागायला आलो तेव्हाही काढल्या नव्हत्यात!"

"काढल्या होत्या, जावईबुवा. तुम्ही कोलांट्या मारत होतात, तुम्हाला ऐकू आल्या नाहीत."

आत्या खुदकन हसली आणि बाळाचा पाय कुरवाळत गुणगुणली:

लांबलचक नावाला गं, गाठी माराव्या त्या किती,
इवल्या नावाच्या पोरीला, वारा घेतो वरच्यावरती.

हसूनहसून माझ्या पोटात कळ आली. बाळ मात्र ढिम्म. तंबूत बँड वाजत असताना जन्मलेली ती. तिला बापाच्या आरोळ्यांचं काय!

पण घड्याळात सव्वाअकरा झाले, आणि माझं हसू ओसरलं. मला नाव नुसतं हवं नव्हतं. मला ते बाबांकडून हवं होतं. जाहिरातीच्या पाठीवरचं कुठलंही घेतलं असतं तर कागद भरला असता, पण लेकीला हाक कुणी दिली असती? मी बाळाला नवऱ्याच्या मांडीवरून टोपलीत निजवलं. तिने माझी करंगळी अशी आवळली की नख पांढरं पडलं.

"बाबा, तुम्हीच द्या ना. का देत नाही? मुलगी झाली म्हणून?"

"वेडी आहेस का!" ते एकदम म्हणाले. मग उजवा खांदा चोळत खिडकीबाहेर बघायला लागले. तंबू उतरवणं चालू होतं. दोर सैल पडत होते. "नाव झेलणाऱ्याने ठेवायचं. माझा खांदा गेला, चिव. हिला मी कुठला झेलतोय? उगाच नाव कशाला अडवू?"

आत्याने कमरेवर हात ठेवले.

"खांदा गेला म्हणे! दादा, सकाळपासून झाकण झेललंस, साबण झेललास, कात्री झेललीस, दोन-दोन बशा झेलल्यास! एक तरी फुटली? कुठे गेला होता तेव्हा तुझा खांदा, फिरायला?"

बाबांनी मांडीवरच्या ढिगाकडे पाहिलं. बशा, कात्री, साबण, झाकण. मग खांद्याकडे. आणि त्यांना असं हसू फुटलं की अख्खी गाडी चाकांवर हिंदकळली. आम्ही सगळेच सुटलो. नवऱ्याच्या डोळ्यांतून पाणी, आत्याला उचकी.

हसणं निवलं तसे बाबा टोपलीसमोर गुडघ्यांवर बसले. दोन्ही हात लांब केले. तोच जुना श्वास आत घेतला.

"रावा!"

आत्याच्या हातून पाण्याचा पेला सुटला. कधी दांडीला हात न लावलेल्या माझ्या नवऱ्यानेसुद्धा पेन सोडलं. आणि टोपलीत माझ्या करंगळीवरची ती इवलीशी मूठ उमलली, पाचही बोटं पसरली, आणि बाबांच्या तळहातावर अलगद जाऊन पडली.

पेला झेलायला कुणी नव्हतं. सगळीकडे पाणीच पाणी.

"रावा," मी म्हणून पाहिलं. तोंड शेवटपर्यंत उघडं राहत होतं. मुलाला शोभलं असतं, मुलीला शोभत होतं, आणि तंबूच्या पार टोकापर्यंत पोचलं असतं. नवरा पाण्यातून पेन उचलून कागद भरायला लागला. "बाबा, आत्ता सुचलं हे?"

ते बाळाच्या मुठीवरून नजर हलवेनात.

"तुझंच होतं ते," ते म्हणाले. "तू जन्मलीस तेव्हाच ठरवलं होतं. तुझी आजी म्हणाली, हे काय मुलीचं नाव आहे, आणि मी गप्प बसलो. अख्ख्या जन्मात तेवढं एकच माझ्या हातून निसटलं, चिव."