कापलेली कड

मूळ फोटो पुसला की माणूस सुधारलेल्या फोटोबरहुकूम होतो, हे संपदाला तिच्या लग्नाचे फोटो आवरताना कळलं. लॅपटॉप गच्च भरला होता. अल्बमसाठी सुधारलेली प्रत ठेवायची आणि मूळ फोटो काढून टाकायचा, एवढंच काम. फोटोग्राफरने विनूकाकांचं सुटलेलं पोट आत घेतलं होतं. तिने त्यांचा मूळ फोटो पुसला आणि लगेच काकांचा फोन आला.

“अगं, बसल्या बसल्या पँट सैल झाली. काय करू?”

“पट्टा लावा, काका.”

सासूबाईंनी हे ऐकलं मात्र, खुर्ची ओढून शेजारी बसल्याच. हौसेला मोल नसतं म्हणतात ना! “तो मंडपातला पुस. मी आहे त्यात.” संपदाने पुसला. सासूबाईंच्या सुरकुत्या गेल्या, केस काळेभोर झाले. त्या आरशासमोर जाऊन स्वतःलाच लाजल्या.

आणि संपदाला एकदम आठवलं. त्याच फोटोत कडेला तिची आई उभी होती. विधवा बाई अल्बमात नको म्हणून सासूबाईंनीच तेवढी कड कापायला लावली होती. तेव्हा संपदाने ब्रही काढला नव्हता. नवी नवरी, कसली बोलतेय!

लेकीकडे चार दिवस राहायला आलेली आई आत मेथी निवडत होती. संपदा धावली. स्वयंपाकघर ओट्याच्या मधोमध संपलं होतं. तिथे एक गुळगुळीत पांढरी भिंत होती.

“आई!”

“इथेच आहे गं,” भिंतीपलीकडून आवाज आला. “अंधार आहे जरा. तुझा फोटो चांगला आलाय ना? मग झालं तर.”

संपदा रडतच लॅपटॉपकडे परतली. मूळ फोटो परत आणायला त्यातल्या सगळ्यांची संमती लागेल, असं पडद्यावर आलं.

“अहो आई, हो म्हणा ना! माझी आई आहे हो ती.”

सासूबाईंनी गालावरून हात फिरवला. “बघू. एवढे सणवार होऊन जाऊ देत.”

आत भिंत आणखी पुढे सरकली होती. शेगडी अर्धीच उरली होती. संपदाने भिंतीच्या कडेत हात खुपसला, तो मनगटापर्यंत गेला. पलीकडून आईने तो घट्ट धरला.

सासूबाई मोबाइल घेऊन दारात आल्या.

“हलू नकोस,” त्या म्हणाल्या. “छान दिसतेयस. हात तेवढा नंतर कापता येईल.”